जंतू नवा आणला, तरी साखर तीच

गेल्या महिन्यात या सदरात मोलॅसिसपासून, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकापासून, इथेनॉल कसं होतं ते लिहिलं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांनी एकाच व्हिडिओचा उल्लेख केलाय. मलाही तो भाचीनं पाठवला होता. काचेच्या भांड्यात पिवळसर पाणी ढवळतंय, वर तेलाचा थर आलाय, आणि निवेदक सांगतोय की जीन बदललेले जंतू आता पेट्रोल-डिझेल तयार करतात, तेलविहिरींची गरज संपली. तेव्हा हा अंक त्याच विषयाला देते. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते आणि आता कराडला असते. पत्रं लांबलचक होती, ती छाटून घेतली आहेत.

प्रश्न : ताई, जंतू जर थेट पेट्रोल-डिझेल करत असतील, तर इथेनॉल काढायचं आणि ते पुन्हा पेट्रोलमध्ये मिसळायचं, हा खटाटोप कशाला? आमच्या कारखान्यानं ते जंतूच का आणू नयेत? आणि उसाला टनामागं चार पैसे जास्त मिळतील का, तेवढं सांगा.
*(ऊस उत्पादक, ता. वाळवा)*

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दादा, या जंतूंमुळं येत्या काही हंगामांत तुमच्या बिलात फरक पडेल असं मला वाटत नाही. व्हिडिओ मात्र खोटा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहावं लागेल.

व्हिडिओत सांगितलेलं काम खरोखर झालंय, आणि तेही उसावरच. कॅलिफोर्नियात अमायरिस नावाची कंपनी होती. तिच्या शास्त्रज्ञांनी आपल्या नेहमीच्या यीस्टमध्ये वनस्पतीची जीन्स घातली. सुरुवातीला मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचा कच्चा माल त्यातून काढला. मग त्याच वाटेला थोडा फाटा फोडून फार्नेसीन नावाचं तेल मिळवलं. त्याला हायड्रोजन दिला की ते डिझेलच्या इंजिनात चालतं. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातल्या ब्रोटास इथं २०१२ च्या शेवटी याचा कारखाना सुरू झाला. साओ पावलो शहरातल्या बसगाड्या या डिझेलवर धावल्या. २०१४ मध्ये विमानाच्या इंधनात १० टक्क्यांपर्यंत ते मिसळायला मान्यताही मिळाली. एवढं सगळं जमल्यावर कंपनीनं काय केलं असेल? हळूहळू इंधनातून अंग काढून घेतलं. त्याच फार्नेसीनपासून स्क्वालेन करून ती चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालायला विकू लागली. स्क्वालेन पूर्वी शार्क माशाच्या यकृतातून काढत, त्यामुळं त्याला भाव भरपूर. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

यीस्टमध्ये खोट नव्हती, आकडे जुळत नव्हते. ते आकडे तुम्हालाही वहीत मांडता येतील.

एक किलो ग्लुकोज आंबवलं तर जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल मिळतं, म्हणजे साधारण ६४५ मिलिलिटर. बाकीचं कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. ही मर्यादा रसायनशास्त्राची आहे, कुठलाही जंतू ती ओलांडू शकत नाही. चांगल्या चाललेल्या डिस्टिलरीत यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास आपण आजच पदरात पाडून घेतो. म्हणजे नव्या जंतूला कमावून दाखवायला उरले दहा टक्के. आता तेलाकडं वळायचं तर साखरेत मुबलक असलेला ऑक्सिजन काढून टाकावा लागतो आणि त्या नादात कार्बनही जातो. फार्नेसीन सगळं सुरळीत झालं तरी किलोला पाव किलोच्या आसपास मिळणार.

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानं साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये ठरवली होती. तोच भाव धरू. पाव किलोच्या हिशेबानं एक किलो तेलाला चार किलो साखर, म्हणजे १२४ रुपये. किलोचे सव्वा लिटर झाले असं समजा, तरी लिटरला शंभर रुपयांची नुसती साखर. त्यात वीज नाही, पगार नाही, कर्जाचा हप्ता नाही. पंपावर आपण पेट्रोलला जो भाव देतो त्यात कर आणि कमिशनचा मोठा वाटा असतो, रिफायनरीतून निघतानाचा भाव या शंभराच्या खूप खाली असतो. इथेनॉलचं गणित याच साखरेवर ४८ रुपये लिटरला येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, ते जमेला धरून बरोबरीला आणलं तरी बहात्तर-त्र्याहत्तरला थांबतं. शिवाय इथेनॉलला तेल कंपन्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे. थेट रसाच्या इथेनॉलला २०२२-२३ च्या वर्षात ६५.६१ रुपये लिटर भाव होता. मोलॅसिस साखरेपेक्षा स्वस्त पडतं हे खरं, पण ते इथेनॉललाही पडतं.

कागदावर हे असं. प्रत्यक्ष फर्मेंटरपाशी, म्हणजे आंबवण्याच्या टाकीपाशी, अडचण वेगळीच असते आणि मला ती जास्त जवळची वाटते. आमच्याकडं मोलॅसिस पाण्यानं पातळ करायचं, आम्लानं पीएच साडेचारच्या आसपास आणायचा, युरिया घालायचा, यीस्ट सोडायचं. लाखो लिटरचा तो काळा पाक कुणी उकळून निर्जंतुक करत बसत नाही, परवडतच नाही. फेस वर आला की टर्की रेड ऑइल ओतायचं. यीस्ट या घाणीत टिकतं, कारण त्याला आंबटपणा चालतो आणि त्यानं स्वतः केलेल्या अल्कोहोलमुळं बाकीचे जंतू मागं हटतात. तरीसुद्धा एप्रिल-मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट यायला लागलं आणि फर्मेंटर पस्तिशीच्या वर सरकला, की यीस्ट मलूल व्हायचं. मायक्रोस्कोपखाली यीस्टच्या गोल पेशींमध्ये बारीक काड्या दिसू लागायच्या. ते लॅक्टिक आम्लाचे बॅक्टेरिया, आयती साखर खाणारे. त्या दिवशी डिस्टिलरी मॅनेजरसमोर रिपोर्ट घेऊन जायला कुणी तयार नसायचं.

आता या जागी प्रयोगशाळेतला ई. कोलाय आणून बघा. त्याला पीएच सातच्या आसपास हवा, ऊब हवी. तेल करायचं तर वरून हवेचा मारा हवा, म्हणजे कॉम्प्रेसर आणि विजेचं बिल. गोड, कोमट, न आंबट पाण्यात तर अख्ख्या गावचे जंतू जेवायला येतात. शिवाय बॅक्टेरियाला खाणारे विषाणू असतात, फेज म्हणतात त्यांना. ते शिरले तर एका रात्रीत टाकी बसते. औषध कंपन्या हे सांभाळतात, कारण त्यांचा माल ग्रॅमवर विकला जातो. आपला टँकरनं जातो.

मग जीन बदललेल्या जंतूला आपल्या भागात काही कामच नाही का? एक काम आहे, आणि माझ्या मते तेच खरं. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतं. वाळल्यावर त्यात सेल्युलोज चाळीस टक्क्यांच्या पुढं आणि हेमिसेल्युलोज पाव हिस्सा असतं. दोन्ही साखरेच्याच साखळ्या. पण हेमिसेल्युलोज फोडलं की झायलोज ही पाच कार्बनची साखर मिळते आणि आपलं यीस्ट तिला तोंड लावत नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९० च्या दशकात यीस्टमध्ये दुसऱ्या यीस्टची जीन्स घालून त्याला ग्लुकोज आणि झायलोज दोन्ही खायला लावलं. इथं जंतू बदलल्यानं जी साखर फुकट जात होती ती हाताशी आली. दहा टक्क्यांसाठी झगडण्यापेक्षा हे मोठं आहे.

तरीही ही वाट सोपी नाही. बगॅस उघडण्यासाठी वाफ आणि आम्लाचा मारा करावा लागतो, त्यात फरफ्युरल आणि अॅसेटिक आम्ल तयार होऊन यीस्टचाच जीव घाबरा होतो. मग एन्झाइम विकत घ्यायचं, ते महाग. ड्यूपाँटनं अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या धाटांवर मोठा प्रकल्प २०१५ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये बंद केला. रुमानियात क्लॅरियंट कंपनीनं गव्हाच्या काडावरचा प्रकल्प २०२३ मध्ये गुंडाळला. आपल्याकडं ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. वर्षाला दोन लाख टन भाताच्या काडापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. आपल्या भागातलं बगॅस रिकामं पडून नसतं हेही लक्षात घ्या, ते बॉयलरमध्ये जळतं आणि त्यावरच कारखाना आणि सहवीज चालते. ते इथेनॉलला दिलं तर बॉयलरमध्ये काय घालणार?

पाचट नेऊन इथेनॉल करू, असं सांगत कुणी आलं तर माझं सरळ मत ऐका. पाचट रानातच कुजवा. सेंद्रिय कर्ब आणि ओल याची तुमच्या जमिनीला जास्त गरज आहे.

आणि टनामागचे चार पैसे. ऊसदराच्या ७०:३० सूत्रात (उत्पन्नातले ७० टक्के ऊस उत्पादकाचे, ३० टक्के कारखान्याचे) उपपदार्थ म्हणून मोलॅसिस, बगॅस आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) धरतात. इथेनॉलच्या उत्पन्नातही वाटा हवा, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. जंतू कुठलाही असो, त्याची कमाई तुमच्यापर्यंत येते की नाही हे तिथं ठरतं. ते भांडण वार्षिक सभेत करायचं.

प्रश्न : माझ्या स्कूटरचं अॅव्हरेज कमी झालंय. पंपावरचं पेट्रोल आता जीएम जंतूंचं आहे, असं शेजारचे म्हणतात. खरं का?
*(गृहिणी, कराड)*

नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं हे खरं, पण आपल्याकडं उसापासून ते साध्या यीस्टनं होतं. अमेरिकेत मक्याच्या इथेनॉलसाठी मात्र जीन बदललेलं यीस्ट बरंच वापरतात. ते स्टार्च फोडणारं एन्झाइम स्वतःच तयार करतं, त्यामुळं एन्झाइमचा खर्च वाचतो. गाडीत जाणाऱ्या इथेनॉलच्या रेणूत त्यामुळं काहीच फरक पडत नाही, ऊर्ध्वपातनातून जंतू पुढं येत नाही.

अॅव्हरेजचं सांगायचं तर, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी म्हणून थोडा फरक पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या बनावटीच्या दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली होती. तुमचं अॅव्हरेज लिटरला पंधरा किलोमीटरनं पडलं असेल, तर एअर फिल्टर आणि टायरमधली हवा बघा. गाडी जुनी असेल तर इंधनाचे रबरी पाइपही बदलून घ्या.

प्रश्न : मॅडम, जंतूचा जीन बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? मला याच क्षेत्रात जायचं असेल तर काय शिकू?
*(बारावीची विद्यार्थिनी, विटा)*

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. भाव विचारणारी पुष्कळ पत्रं येतात, 'कसं' विचारणारी कमी.

एक जुनं उदाहरण घेऊ, कारण ते समजायला सोपं आहे. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला बॅक्टेरिया. तो पाच आणि सहा कार्बनच्या दोन्ही साखरा खातो, पण त्यातून आम्लांची खिचडी करतो, इथेनॉल थोडंच. उलट झायमोमोनास नावाचा एक बॅक्टेरिया आहे, मेक्सिकोतल्या पुल्के या पेयात आणि ताडी-माडीत सापडणारा. तो इथेनॉल करण्यात यीस्टच्या तोडीचा, पण खाण्यात फार चोखंदळ. फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्रम यांनी झायमोमोनासची दोन जीन्स ई. कोलायमध्ये बसवली. पहिल्या जीनचं एन्झाइम पायरुवेटचं अॅसिटाल्डिहाइड करतं, दुसऱ्याचं त्याचं इथेनॉल. तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ग्लायकोलिसिस आहे ना, ते जिथं संपतं तिथूनच हे सुरू होतं. पायरुवेट आम्लांकडं जायच्या आधीच ही दोन एन्झाइमं ते ओढून घेतात. या कामाचं पेटंट मार्च १९९१ मध्ये मिळालं आणि त्याचा क्रमांक होता पन्नास लाख. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचं पन्नास लाखावं पेटंट एका जंतूला मिळालं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

पुढं लोक धीट झाले. २००८ मध्ये लॉस एंजेलिसला जेम्स लियाव यांच्या गटानं वेगळीच युक्ती केली. प्रत्येक पेशी प्रथिनांसाठी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवते. त्या वाटेवरचा एक मधला पदार्थ त्यांनी मध्येच वळवला आणि आयसोब्युटेनॉल मिळवलं. हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये छान मिसळतं, पाणी कमी ओढतं आणि लिटरमागं त्यात पेट्रोलच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊर्जा असते. दोष एकच, ते जंतूला विषारी आहे. टाकीत एक-दोन टक्क्यांवर गेलं की तयार करणाराच मरायला टेकतो. मोलॅसिसवर आपलं यीस्ट इथेनॉलचे आठ-नऊ टक्के सहज सोसतं. म्हणून आयसोब्युटेनॉल तयार होता होता सतत बाहेर काढत राहावं लागतं. अमेरिकेतल्या गेवो कंपनीनं हे यीस्टमध्ये करून दाखवलं आणि पुण्याच्या प्राजनं तिच्याबरोबर काम केलंय.

आता हत्यारं चांगली आहेत. क्रिस्परनं हव्या त्या जागी डीएनए कापता येतो. पण कापणं-जोडणं हा कामाचा लहान भाग. नवा मार्ग बसवला की पेशीचं आतलं गणित बिघडतं, कुठला तरी मधला पदार्थ साचतो, वाढ खुंटते. मग त्या जंतूला महिनोन्महिने कठीण परिस्थितीत वाढवत ठेवायचं आणि जो तगेल तो निवडायचा. लिटरच्या भांड्यात गुणी ठरलेला जंतू लाख लिटरच्या टाकीत घातलेली जीन्स टाकूनही देतो, कारण ती नसलेला भाऊ जास्त वेगानं वाढतो. हे प्रश्न सोडवणारी माणसं कमी आहेत. नवं जीन घालणारी पुष्कळ झालीत.

आणि दरवेळी जीन घालावंच लागतं असंही नाही. सशाच्या लेंड्यांतून १९९४ मध्ये वेगळा केलेला क्लॉस्ट्रिडियम जातीचा एक बॅक्टेरिया आहे, तो कार्बन मोनॉक्साइड खाऊन इथेनॉल करतो. लान्झाटेक कंपनीनं त्याचा निवडून तयार केलेला वाण वापरून २०१८ मध्ये चीनमध्ये पोलाद कारखान्याच्या धुरापासून इथेनॉल काढायला सुरुवात केली. नंतर २०२२ मध्ये त्याच जंतूत जीन्स घालून अॅसिटोन आणि आयसोप्रोपेनॉलही मिळवलं.

शिक्षणाचं म्हणशील तर बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घे. पुढं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात दोन्ही विषय आहेत. अभियांत्रिकीकडं ओढा असेल तर मुंबईला माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी). तिथल्या ऊर्जा जैवविज्ञान केंद्रानं काडी-कचऱ्यापासून इथेनॉल करण्याचं देशी तंत्र विकसित केलंय. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं, तिथून आलेली मुलं डिस्टिलरीत पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात. काहीही घे, पण वस्तुमानाचा ताळेबंद मांडायला शीक, म्हणजे किती आत गेलं, किती बाहेर आलं आणि बाकीचं कुठं गेलं. मुलाखतीला आलेल्या मुलांना मी हाच प्रश्न घालायचे आणि बरीचशी तिथंच गप्प व्हायची. यंदा हंगाम सुरू झाला की शिक्षकांना सांगून जवळची एखादी डिस्टिलरी बघून ये. नाकाला रुमाल लावून उभी राहू नकोस, वास आधी घे. फर्मेंटेशन बिघडलंय हे नाकाला लॅबच्या आधी कळतं.

प्रश्न : सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत. असे जंतू वापरणाऱ्या कारखान्यात पाणी शिरलं आणि ते कृष्णेत गेले, तर त्याला जबाबदार कोण?
*(निवृत्त प्राध्यापक, सांगली)*

सर, प्रश्न योग्य आहे आणि "काही होत नाही हो" असं उडवून लावणारं उत्तर मी देणार नाही.

जैविक बाजू अशी. इंधनासाठी बदललेला जंतू नदीत दुबळा ठरतो. त्याच्या अंगावर आपण लादलेलं काम असतं, त्याला स्वतःला त्याचा फायदा शून्य. नदीतल्या जंतूंशी त्यानं टक्कर घ्यायची म्हणजे उसानं भरलेली गाडी जुंपलेल्या बैलानं शर्यतीत पळायचं. तो मागं पडतो आणि संपतो. मला काळजी वाटते ती त्याच्या अंगातल्या डीएनएची. प्रयोगशाळेत जंतू ओळखता यावा म्हणून प्रतिजैविकाला दाद न देणारं जीन बऱ्याचदा सोबत घालतात. बॅक्टेरिया एकमेकांना जीन्स देतात, त्यामुळं असं जीन उत्पादनाच्या टाकीत असताच कामा नये. ते काढून टाकायचं तंत्र उपलब्ध आहे, आणि परवानगी देताना त्यावर अडून बसायला हवं.

कायदा आपल्याकडं आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम झाले. त्यांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते, संशोधनावर आरसीजीएम ही केंद्राची समिती नजर ठेवते आणि मोठ्या प्रमाणावरच्या वापरासाठी जीईएसी या पर्यावरण मंत्रालयाच्या समितीची मान्यता लागते. उत्पादनानंतर जंतू मारूनच पाणी बाहेर सोडायचं असतं. इथेनॉलच्या बाबतीत ते काम आपोआप होतं, कारण सगळा वॉश (आंबलेला पाक) ऊर्ध्वपातनाच्या कॉलममध्ये उकळतो. पूर आला तेव्हा फर्मेंटर भरलेला असेल, तर मात्र तो कॉलमपर्यंत पोचलेला नसतो. म्हणून अशा प्रकल्पाची जागा पूररेषेच्या वर हवी, टाक्यांभोवती बांध हवा, आणि हे जनसुनावणीत विचारायला हवं.

एवढं लिहून एक गोष्ट जोडते. तुमच्या नदीला आज जो धोका आहे त्याला जीन बदललेला जंतू लागत नाही. एक लिटर इथेनॉलमागं आठ-दहा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे इथेनॉल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. त्याचा बीओडी, म्हणजे ते कुजवताना जंतू पाण्यातला जो प्राणवायू वापरतात त्याचं माप, लिटरला हजारो मिलिग्रॅममध्ये असतो, आणि तो नदीत गेला की पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. म्हणूनच आता स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळणं किंवा त्यातून बायोगॅस काढून बाकीचा खतात घालणं, थेंबही बाहेर न सोडणं, ही अट असते. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ती अट कुठं कुठं पाळली जाते, हे काठावरच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

प्रश्न : आमची जतला माळरानाची पडीक जमीन आहे. शेवाळाची तळी करून त्यापासून डिझेल, माल परत विकत घेण्याची हमी, फक्त सुरुवातीला एकरी काही लाख भरायचे, अशी योजना घेऊन एक जण आलाय. भरावेत का?
*(शेतकरी, ता. जत)*

भरू नका.

शेवाळात तेल असतं, हे खरं आहे. एक्सॉनमोबिलनं २००९ मध्ये सिंथेटिक जीनोमिक्स या कंपनीशी करार करून ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची घोषणा केली होती. २०१७ मध्ये त्यांनी एका शेवाळातलं तेल जीन बदलून दुपटीच्या आसपास नेलंही, आणि वाढ फारशी न घटवता, हे विशेष. तरीसुद्धा २०२३ च्या सुरुवातीपर्यंत एक्सॉननं हा नाद सोडला. ज्यांच्या खिशात एवढा पैसा त्यांना जमलं नाही, ते तुमच्या आगाऊ रकमेवर कुणी करून देईल?

जतला ऊन आहे, पाण्याचं काय? उघड्या तळ्यात एका लिटर पाण्यात शेवाळ असतं अर्धा ग्रॅम, फार तर एक ग्रॅम. म्हणजे हजार लिटर पाणी गाळलं तर अर्धा-एक किलो वाळलेलं शेवाळ. त्यात तिसरा हिस्सा तेल धरा, आणि तेवढं पाणी उपसायला-गाळायला लागलेली वीज वजा करा. तुमच्या उन्हाळ्यात तळं आटणार ते वेगळंच. म्हैसाळ योजनेचं पाणी एवढ्या उंचीवर चढवून आणायचं आणि ते शेवाळाला वाफ करून टाकायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

त्या माणसाला तीन गोष्टी दाखवायला सांगा : चालू असलेलं तळं, त्याचं गेल्या वर्षभराचं वीजबिल, आणि तेल विकत घेतल्याची पावती. पुन्हा फोन येईल असं वाटत नाही.

प्रश्न : बेदाण्याच्या शेडवर खराब मणी बरेच निघतात. एक-दोन पिंपांत यीस्ट घालून इथेनॉल काढलं आणि ट्रॅक्टरला वापरलं तर?
*(द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव)*

यीस्ट तर मण्यांवरच असतं, आंबायला तुमची परवानगीही लागत नाही. गाळायला मात्र लागते. परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. ट्रॅक्टरसाठी केलं असं सांगितलं, तर उत्पादन शुल्कच्या साहेबांना हसू येईल, पण गुन्हा सुटणार नाही. आणि ट्रॅक्टर डिझेलचा. पाणी असलेलं इथेनॉल डिझेलमध्ये मिसळत नाही, वेगळा थर करतं आणि पंप खराब करतं. साध्या ऊर्ध्वपातनानं ९५-९६ टक्क्यांच्या पुढं जाता येत नाही, उरलेलं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणारी बारीक छिद्रांची चाळणी, लागते.

गोठा असेल तर बायोगॅस करा. तिथले जंतू जुनेच, फुकटचे आणि कामाचे. रोज पन्नास किलो शेण असेल तर दोन घनमीटरचा संच चालतो आणि घरचा स्वयंपाक बराचसा निघतो. खराब मणी त्यात घालायचे तर ठेचून, शेणात कालवून आणि थोडे थोडे. एकदम पोतं ओतलं तर आम्ल वाढतं, गॅस बंद पडतो, आणि तो पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन आठवडे नुसतं शेण घालत बसावं लागतं.